खेमराजच्या मुठीतला गूळ

फोन आला तेव्हा मी तलावापलीकडच्या एका टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर, शेळ्यांना लस टोचत होते. चुलतभावाचा आवाज ओळखीचा होता, पण नेहमीपेक्षा खाली आलेला. “उर्मिलाबाई, खेमराजभाऊ गेले जी. आताच, सकाळी.” मी “बरं” म्हटलं, फोन पिशवीत ठेवला आणि पुढच्या शेळीचा कान धरला. जिची शेळी होती तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, काय झालं. माझा मोठा भाऊ वारला, असं सांगितलं तर तिनं शेळी सोडूनच दिली. “अन् तुमी सुई कायले टोचून राहिल्या? जा ना बाई घरी!” मी म्हटलं, लसीची बाटली उघडली आहे, वाया जाईल. ते खरंही होतं. उघडलेली बाटली फार वेळ ठेवता येत नाही. पण खोटं कशाला बोलू... बाटली उघडलेली नसती तरी मी त्या सगळ्या शेळ्या उरकूनच निघाले असते. मुर्रीला, भावाच्या घरी, पोचायची मला घाई नव्हती.

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. मधल्या काळात गोंदियाच्या दोन-तीन लोकांनी त्याच्यावर लिहिलं. वरातीच्या घोड्यांचा राजा, घोड्यांना चाबूक न लावता गूळ भरवून शिकवणारा प्रेमळ माणूस, असं बरंच काही. मग वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी मला फोन केला. तुम्ही सख्खी बहीण, शिवाय पशुधन पर्यवेक्षक, तुम्ही लिहा, म्हणाले. “गेलेल्या माणसाबद्दल आहे, तेव्हा चांगलं लिहा.” मी म्हटलं, जे पाहिलं ते लिहीन. चालत असेल तर छापा.

खेमराज माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची. गेली पाच वर्षं म्हणत नाही, त्यामुळे इथंही म्हणणार नाही. आमची मुर्रीला धानाची शेती. बाबा मी शाळेत असतानाच गेले आणि घराचा कारभार त्याच्याकडे आला. त्याला शेतात रस नव्हता. त्याला लोकांनी आपल्याकडे पाहावं असं वाटायचं, आणि धानाच्या बांधीत उभ्या माणसाकडे कोण पाहतं? त्यानं एका जत्रेतून पहिली घोडी आणली, तिच्यासाठी आरशाची झूल शिवून घेतली, स्वतःला गुलाबी फेटा घेतला आणि गोंदियातल्या वरातींना जाऊ लागला. चाबूक त्यानं खरंच वापरला नाही, निदान लोकांसमोर नाही. त्याची पद्धत वेगळी होती. वरातीच्या दोन-तीन दिवस आधीपासून घोडीला दाणा बंद. गवतही नावापुरतं. मग बँड सुरू झाला की तो तिच्यासमोर उभा राहायचा आणि गुळाची मूठ डोक्याच्या वर धरायचा. घोडी त्या मुठीसाठी पुढचे दोन्ही पाय उचलायची. लोक टाळ्या वाजवायचे, “भैया, और एक बार!” म्हणून ओरडायचे, आणि तो मूठ पुन्हा वर न्यायचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर कधीतरी खडा द्यायचा. बऱ्याचदा मूठ तशीच खिशात जायची आणि लोक हसायचे, कारण घोडीचं तोंड त्याच्या खिशामागं फिरत राहायचं. त्यांना ते प्रेम वाटायचं.

मी एकदा त्याला विचारलं होतं, दादा, नाचली तर देत काऊन नाही? तो म्हणाला, “एकदा देलं का खतम. जनावराले दाखवत राहा लागते.” मी तेव्हा बारावीला होते. त्याच वर्षी मला पशुसंवर्धनाच्या डिप्लोम्याला जायचं होतं. तो अर्ज घेऊनही आला. आईला दाखवला, मला दाखवला, कपाटात ठेवला. धान निघू दे, मग पाहू, म्हणाला. तोवर त्याच्या घोडीची लीद काढणं, तिला पाणी पाजणं माझ्याकडे. धान निघालं, अर्जाची तारीख गेली. पुढच्या वर्षी पुन्हा नवा अर्ज, पुन्हा कपाट. तिसऱ्या वर्षी मामा आले आणि मला सरळ आपल्या गावी घेऊन गेले, तिथून मी शिकले. निघताना खेमराज दारात उभा राहून म्हणाला, “मी पाठवणारच होतो ना.” आजही कुणी ‘पाहू’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

नोकरी लागली, बदल्या होत होत मी नवेगाव बांध या तलावाकाठच्या गावी आले. मुर्रीला जाणं सणावारापुरतं राहिलं. मधल्या वर्षांत त्याच्याकडे चार-पाच घोड्या आल्या नि गेल्या. सगळ्यांची एकच गत. काही महिन्यांत नाचायला शिकायच्या आणि दोनेक वर्षांत चावऱ्या व्हायच्या. घोडी चावू लागली की तो तिला ‘बदमाश’ ठरवून काढून टाकायचा आणि दुसरी आणायचा. माझ्या कामातून मला हे तोवर कळलं होतं. खाऊ देऊन घोडा शिकतो, फार लवकर शिकतो. पण काम झालं त्याच क्षणी, दर वेळी दिलं तर. आणि त्याचं पोट भरलेलं असेल तर. उपाशी घोडा विचार करत नाही, झडप घालतो. मी हे खेमराजला सांगून पाहिलं. तो पानाची पिंक टाकून म्हणाला, “तू डिप्लोमा शिकली, मी घोडे शिकलो. मले नको सांगू.”

लाडो त्याची शेवटची घोडी. पांढरी, कपाळावर किंचित पिवळट झाक, स्वभावानं इतकी गरीब की माझी पुष्पावहिनी, म्हणजे खेमराजची बायको, तिच्या पोटाखाली बसून तिचे खूर धुवायची. खरं तर घोड्यांचं सगळं वहिनीच करायची. खेमराज फक्त फेटा बांधून समोर उभा राहायचा. दोन हंगाम लाडो नाचली. तिसऱ्या हंगामात एका संध्याकाळी वहिनी डासांसाठी धूर करायला तबेल्यात गेली. हातात काड्यापेटी होती, मुठीत धरलेली. लाडो दोन दिवसांची उपाशी, दुसऱ्या दिवशी वरात होती. बंद मूठ म्हणजे गूळ, एवढंच तिला माहीत होतं. तिनं मुठीवर झडप घातली. वहिनीच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्हींची टोकं गेली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा वहिनीचा हात पट्ट्यांनी एवढा मोठा झाला होता आणि खेमराज खाटेच्या पायथ्याशी बसून भेटायला आलेल्या लोकांना समजावत होता, की घोडीपुढं हात नेण्याची एक रीत असते, बायकांना ती समजत नाही. वहिनी छताकडे पाहत होती. लोक गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, “माह्याच हाताची चूक झाली म्हणते ते. असंल का वो तसं?” मी नाही म्हटलं. मी मोठ्यानं नाही म्हटलं, खेमराजकडे पाहून. तो उठून बाहेर गेला.

मी वहिनीसाठी मुर्रीलाच थांबले. त्यानं लाडोला शिक्षा म्हणून अजून दोन दिवस उपाशी ठेवलं होतं, हे मला तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तेही असं कळलं, की त्याला त्याच संध्याकाळची दुसरी वरात मिळाली आणि घोडीच्या अंगात नाचायला जोर हवा म्हणून त्यानं बादलीभर भिजवलेले चणे नि गूळ तिच्यापुढं एकदम ठेवला. चार दिवसांच्या रिकाम्या पोटावर बादलीभर चणे! तासाभरात ती पोटाकडे वळून पाहू लागली, पायानं जमीन उकरू लागली, मग आडवी पडली. “नाटक करून राहिली,” खेमराज म्हणाला आणि तिला झूल चढवायला निघाला. मी तिच्या कुशीला कान लावला. घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते. तिच्या पोटात काहीच ऐकू येत नव्हतं. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते पुढंच जावं लागतं, नाहीतर घोडा मरतो. मी त्याच्या हातातली झूल ओढून फेकून दिली. त्यातला एक आरसा फुटला, तर त्याला घोडीपेक्षा त्याचंच दुःख झालं.

शहरातून डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, आम्ही तिला उभं केलं, हळूहळू फिरवलं. दिवस मावळायच्या बेतात तिच्या पोटात पुन्हा आवाज सुरू झाला. डॉक्टर जाताना खेमराजला म्हणाले, या घोडीला तुम्ही दोनदा मारायला निघाला होतात, एकदा न देऊन आणि एकदा देऊन. दुसऱ्या दिवशी त्यानं मला सांगितलं, “घेऊन जा तिले. मले आता कामाची नाही.” जणू उपकार केला. मी मालवाहू टेम्पो बोलावला आणि लाडोला नवेगाव बांधला आणलं.

माझी घरमालकीण सखूबाई ढिवरांची, म्हणजे मासेमारांच्या घरची. तिच्या परसात बांबूचं कुंपण घातलेली मोकळी जागा होती, ती तिनं दिली. पहिले दिवस वाईट गेले. मी कुंपणाजवळ गेले की लाडो कान मागं पाडून माझ्या कमरेकडे तोंड फेकायची, खिसा शोधायची. मी घाबरून हात मागं घ्यायची, आणि मग लक्षात यायचं की मीही तेच करते आहे, दाखवते आणि मागं घेते. मग मी हातानं द्यायचं बंदच केलं. आधी तिला पोटभर गवत आणि थोडा कोंडा. ते खाऊन झाल्यावर मी बाहेर उभी राहायची, हात रिकामे, बाजूला घमेलं. ती माझ्या अंगावर तोंड टाकत असेल तोवर काही नाही. तिनं तोंड जराही दुसरीकडे वळवलं की लगेच जिभेनं टाळूवर ‘टॉक’ करायचं आणि घमेल्यात चार चणे टाकायचे. दर वेळी. न चुकता. सखूबाई जाळं विणता विणता बघायची. “घोडीले शाळंत टाकलं का बाई?” आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मी गेले तर लाडो मला पाहून मुद्दाम मान वळवून तलावाकडे बघत उभी राहिली, कान मात्र माझ्याकडे. सखूबाई एवढी हसली की तिच्या हातातली सुई पडली. मी मात्र रडले. तिला समजलं होतं की ओरबाडावं लागत नाही.

पुढं ती ‘पाय’ म्हटल्यावर पाय उचलू लागली, दोरी सैल ठेवून माझ्या बाजूनं चालू लागली. सखूबाईची म्हातारी सासू लाडोच्या नाकावर हात ठेवून बसायची. आठ महिने झाले होते, आणि मग खेमराज आला.

कुणाकडून तरी ऐकलं होतं त्यानं, घोडी सुधारली म्हणून. दुपारची वेळ, कडक इस्त्रीचा सदरा, पान. मी चहा ठेवला. काही झालं तरी भाऊ होता. त्याला वहिनीचा हात कसा आहे विचारलं तर म्हणाला, “करते सारं काम, काय होते तिले.” मग म्हणाला, दाखव तुझी शाळा. मी दाखवलं. लाडो मान वळवून उभी राहिली, मी टॉक केलं, चणे दिले. पाय म्हटलं, पाय उचलला, चणे दिले. मला त्या वेळी, आता लिहितानाही लाज वाटते, मला त्याची शाबासकी हवी होती. पंचेचाळिशीला आलेली बाई मी, आणि त्यानं ‘छान’ म्हणावं म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो हसला. खिशात हात घातला, मूठ बाहेर काढली आणि डोक्याच्या वर धरली.

लाडोनं पुढचे दोन्ही पाय उचलले. उंच, सरळ, वरातीत उचलायची तसे. सखूबाईची सासू किंचाळली. घोडी खाली आली आणि मान ताणून त्या मुठीकडे पाहत राहिली, अंग थरथरत होतं. “पाह्यलं?” खेमराज म्हणाला. “अजून माहीच आहे.” मग त्यानं मूठ उघडली. गूळ खरंच होता तिच्यात. तो त्यानं स्वतःच्या तोंडात टाकला.

मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चहा अर्धा टाकून तो गेला, जाताना सखूबाईला म्हणाला, “बहिणीचं डोकं फिरलं आहे माह्या.” त्यानंतर पाच वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. लाडो दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माझ्या कमरेकडे तोंड फेकू लागली होती. मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

जायच्या काही महिने आधी त्याला लकवा मारला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. वहिनीनं दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा मी गेले, तिच्यासाठी. ती त्याला चमच्यानं पेज भरवत होती. चमचा उजव्या हातात, आणि डाव्या हाताची ती तोकडी बोटं त्याच्या हनुवटीखाली, सांडू नये म्हणून. तो तोंड उघडायचा, ती भरवायची. तो तोंड उघडायचा, ती भरवायची. मी दारात उभी राहून पाहत होते आणि माझ्या मनात जे आलं ते सांगते, चांगलं लिहा असं मला सांगण्यात आलं असलं तरी. मला वाटलं, वहिनी, एकदा थांब. एकदाच चमचा त्याच्या तोंडाशी नेऊन मागं घे. पाहू दे त्याला. वहिनीनं तसं काही केलं नाही. तिच्या ते मनातही आलं नसेल. वाटी संपली तशी तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

ती भांडं ठेवायला आत गेली तेव्हा मी त्याच्याजवळ बसले. पाच वर्षांनी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, “त्या दिवशी लाडोनं पाय उचलले होते. तिले देलं काऊन नाही?” त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. भेटायला येणारे म्हणायचे, खेमराजभाऊंना पश्चात्ताप झाला आहे, कुणाला पाहिलं की रडतात. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की या आजारात माणूस विनाकारण रडतो, पंख्याकडे पाहूनही रडतो. त्यामुळे ते पाणी कशाचं होतं हे मला माहीत नाही. ज्यांना पश्चात्ताप समजायचा त्यांनी समजावा. मी समजले नाही.

तेरवी झाली. लोक बोलले, जेवले, गेले. गेल्या आठवड्यात पुष्पावहिनी एसटीनं एकटीच नवेगाव बांधला आली. इतक्या वर्षांत माझ्या घरी पहिल्यांदा. दोन दिवस राहीन म्हणाली. खेमराजबद्दल ती बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. चहा झाल्यावर म्हणाली, तिले पाहू दे मले. आम्ही परसात गेलो. ती कुंपणापासून चार हात लांब उभी राहिली, डावा हात पदरात गुंडाळून. लाडोनं तिला पाहिलं आणि मान वळवून तलावाकडे बघू लागली. वहिनीचा चेहरा पडला. “तोंड काऊन फिरवून राहिली? राग आहे का तिले माह्यावर?”

“नाही वहिनी. चणे मागून राहिली. आता ती असंच मागते.”

वहिनी जवळ गेली. मी टॉक केलं, तिनं शेजारच्या डब्यातले चणे घमेल्यात टाकले, लाडोनं खाल्ले, पुन्हा मान वळवली. वहिनी लहान पोरीसारखी हसली. असं चार-पाच वेळा झालं. मग ऊन उतरू लागलं म्हणून ती दोरीवर वाळत घातलेलं तिचं लुगडं काढायला वळली आणि तिनं हात वर केला.

लाडोनं पुढचे पाय उचलले. पाच वर्षांत मी ते जवळजवळ मोडलं होतं. तिनं तसं केलं की मी पाठ फिरवायची, काही द्यायची नाही. ते कमी होत गेलं होतं, पण गेलं नव्हतं. वहिनी हात वर तसाच धरून थिजली. घोडी खाली आली, चावायला धावली नाही, नुसती मान ताणून त्या वर धरलेल्या हाताकडे पाहत राहिली.

“हे त्याईनं शिकवलं ना?” वहिनीनं विचारलं.

मी हो म्हटलं.

“अन् देत होते का?”

“कधीमधी.”

वहिनीनं हात खाली घेतला. पदर सोडला. डब्यातले चणे डाव्या हातात घेतले आणि तो हात, त्या तोकड्या दोन बोटांसकट, पूर्ण उघडा करून कुंपणावरून पुढं धरला. शिकवण्याच्या दृष्टीनं ते चूक होतं. दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोडीला दिलं की ती उद्या पुन्हा उभी राहणार, आणि मला ते पुन्हा पहिल्यापासून मोडावं लागणार. मी तोंड उघडलं होतं थांब म्हणायला.

“घे वो माय,” वहिनी म्हणाली.

मी डबा तिच्याजवळ सरकवला. लाडोनं नुसत्या ओठांनी तळहातावरचा एकेक चणा उचलला, आणि वहिनीनं हात पुन्हा डब्यात घातला.